छातीत दुखायला लागलं की दवाखान्यात पोचेपर्यंत काय करायचं: नवख्यांसाठी, नाशिकच्या हिशोबाने

ज्यांना मेडिकलमधलं काहीच येत नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय. म्हणजे सोसायटीचे वॉचमनदादा, सिडकोत रूम घेऊन राहणारी पोरं, अंबड-सातपूरला नाईट शिफ्ट सांभाळणारे सुपरवायझर, घरात एकट्या सासू-सासऱ्यांसोबत असणाऱ्या वहिनी. ॲम्ब्युलन्सवर नवीन लागलेल्यांना पण मधेमधे उपयोग होईल, पण मुख्य म्हणजे जो माणूस त्या क्षणी शेजारी उभा आहे त्याच्यासाठी.

बाकी सगळं ज्याच्यावर उभं आहे ते आधी सांगते. लोकांना वाटतं उशीर होतो तो ट्रॅफिकमुळे, द्वारकेला अडकलो, मुंबई नाक्याला सिग्नल लागला वगैरे. होतो ना, पण त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ घरातच जातो. आधी गॅस आहे म्हणून इनो घेतलं, मग थोडं पडून बघितलं, मग मोठ्या मुलाला पुण्याला फोन लावला, त्याने सांगितलं फॅमिली डॉक्टरला दाखवा, डॉक्टरांचा दवाखाना संध्याकाळी उघडणार होता, आणि हे सगळं होईपर्यंत तीन-चार तास गेलेले असतात. रस्त्यावरची दहा मिनिटं वाचवायला सायरन लागतो, हे तीन तास वाचवायला फक्त कोणीतरी एकाने घरात ठामपणे म्हणायचं असतं की आता निघायचं. तो एक माणूस तुम्ही व्हा, म्हणून हा सगळा खटाटोप.

नेमकं काय होतं तेवढं समजून घ्या. हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी जी नळी असते तिच्या आतल्या चरबीच्या थराला चीर जाते, तिथे रक्ताची गुठळी बसते आणि पुढचा पुरवठा बंद होतो. साधारण २० मिनिटांनंतर पुढचा स्नायू मरायला सुरुवात होते आणि मग तासातासाने नुकसान वाढत जातं. एकदा मेलेला स्नायू परत येत नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असो किंवा अँजिओप्लास्टी (बंद नळी आतून फुगा घालून उघडणं), दोन्हीचा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत सगळ्यात जास्त, १२ तासांनंतर बराच कमी.

ओळखायचं कसं

सिनेमात दाखवतात तसं छाती धरून धाडकन कोणी पडत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. माणूस "दुखतंय" असं म्हणेलच असंही नाही. आपल्याकडे लोक म्हणतात जड वाटतंय, भरून आलंय, आवळल्यासारखं होतंय, छातीवर कोणी बसलंय, कसंतरीच होतंय. विचारलं कुठे, तर एका बोटाने जागा दाखवत नाहीत, अख्खा पंजा नाहीतर मूठ छातीच्या मधोमध ठेवतात. ही मूठ दिसली की सावध व्हायचं. त्रास डाव्या हातात जातो हे सगळ्यांना माहिती असतं, पण उजव्या हातात, दोन्ही खांद्यांत, पाठीत, मानेत, जबड्यात, अगदी खालच्या दातात पण जातो. आणि बेंबीच्या वर पोटात जळजळ, हे तर सगळ्यात फसवं.

त्याच्या जोडीला दरदरून गार घाम (पंखा चालू असताना शर्ट ओला), धाप, मळमळ किंवा उलटी, चेहरा पांढराफटक, चक्कर, आणि काही जण सरळ म्हणतात की मला काहीतरी होणारे. यातलं काहीही छातीच्या त्रासासोबत असेल तर घड्याळ बघत बसायचं नाही, लगेच फोन. नुसताच छातीत दाब आहे, बाकी काही नाही, तर बसवून पाच मिनिटं द्या, पाच मिनिटांत गेला नाही किंवा जाऊन परत आला तर फोन. आणि पाच मिनिटांत गेला तरी त्याच दिवशी ईसीजी, पुढच्या आठवड्यात नाही.

डायबेटीस असलेले, वय झालेले आणि बायका यांच्यात छातीत दुखणं कमी किंवा कधीकधी अजिबात नसतं. मावशी नुसतं म्हणतील आज अंगात जीवच नाही, दोन पायऱ्या चढले तर धाप लागली, दोनदा उलटी झाली. घरातले म्हणतात उपास केला म्हणून, उन्हात गेली म्हणून. बायकांचा त्रास घरात सगळ्यात शेवटी मनावर घेतला जातो आणि त्या स्वतःच आधी स्वयंपाक आटोपतात. शुगर असलेल्या बाईला अचानक दम लागला आणि घाम सुटला तर ते हार्टचंच समजून चाला, नसलं तर चांगलंच आहे.

वयाचं पण तसंच. "अरे तो तर अजून चाळिशीचा पण नाही" हे ऐकून थांबू नका. २००४ साली ५२ देशांतल्या रुग्णांचा इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास आला होता, त्यात पहिल्या हार्ट अटॅकचं मधलं वय दक्षिण आशियातल्या लोकांत ५३ आणि बाकीच्या जगात जवळपास ५९ निघालं. तंबाखू, बिडी-सिगारेट, घरात वडिलांना किंवा भावाला लवकर झालेला अटॅक असेल तर अजून लवकर.

आता गॅसबद्दल. गॅसने छातीत दुखतं हे खरंय, पण घरी बसून ते आणि हार्टचं वेगळं करता येत नाही, डॉक्टरला पण ईसीजीशिवाय येत नाही. इनो, सोडा, पुदिन हरा घेतल्यावर ढेकर आली आणि बरं वाटलं, म्हणजे गॅसच होता असं सिद्ध होत नाही. हार्टचं दुखणं पण मधेच कमी होतं. दाबल्यावर दुखतंय, श्वास घेतल्यावर टोचतंय, अशा वेळी हार्टची शक्यता कमी असते, पण "कमी" आणि "नाही" यात फरक आहे आणि तो फरक तुम्ही ठरवायचा नाही.

अजून एक, कोरोनानंतर घरोघरी ऑक्सिमीटर आहे. बोटाला लावतात, ९८ दिसतं आणि सगळे निवांत. ऑक्सिमीटर ९८ असताना मोठा अटॅक चालू असू शकतो. बीपी मशीनवर १२०-८० आलं तरी तेच. मनगटावरच्या घड्याळातला ईसीजी पण ठोके अनियमित आहेत का तेवढंच बघतो, अटॅक ओळखणं त्याचं काम नाही.

पहिलं काम: बसवा, आणि हलू देऊ नका

जिथे आहेत तिथेच बसवा. जमिनीवर भिंतीला पाठ टेकवून, गुडघे थोडे वर, किंवा पलंगावर पाठीशी उशा लावून अर्धवट बसतं. गळ्याचं बटण, बेल्ट, ब्लाउजचे हूक सैल करा, खिडकी उघडा, पंखा लावा. माणूस चक्कर येऊन पांढरा पडायला लागला तर मात्र आडवं करून पाय थोडे वर.

या वेळी लोकांना हटकून संडासला जावंसं वाटतं आणि घरातले धरून नेतात. नेऊ नका. कुंथल्यावर, उठताना, दरवाजा आतून बंद असताना बरेच जण तिथेच कोसळतात. हवं तर बादली द्या, चादर द्या, लाज बाजूला ठेवा. जिना पण चालत उतरू द्यायचा नाही. "मी चालतो की, काय झालंय मला" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक काका म्हणतात, त्यांच्याशी वाद घालू नका, नुसतं म्हणा हो काका, फक्त पाच मिनिटं बसा.

खायला-प्यायला काही नाही. चहा नाही, लिंबूपाणी नाही, साखरपाणी नाही. गोळीसाठी दोन घोट पाणी चालेल.

आणि छातीला बाम, तेल, विक्स चोळू नका प्लीज. नुकसान म्हणून नाही, पण गाडीत गेल्यावर आम्ही ॲम्ब्युलन्सवाले ईसीजीचे स्टिकर लावतो आणि ते तेलकट कातडीवर चिकटतच नाहीत. मग टॉवेलने पुसा, स्पिरिटने पुसा, परत घामाने सुटतात, कागदावर नुसता खरखराट येतो आणि ज्या ईसीजीवर सगळा निर्णय होणार तोच वाचता येत नाही. यात दोन-तीन मिनिटं सहज जातात.

दुसरं काम: १०८

बसवता बसवताच कोणीतरी फोन लावायचा. १०८ फुकट आहे, महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून चालू आहे, गाडीत डॉक्टर असतात आणि ड्रायव्हरला पायलट म्हणतात. दोन प्रकारच्या गाड्या असतात, साधी आणि ॲडव्हान्स, ॲडव्हान्समध्ये मॉनिटर, शॉक द्यायचं मशीन, व्हेंटिलेटर असतं. फोनवर पहिलं वाक्य हेच असू द्या: "पंचावन्न वर्षांचा माणूस आहे, छातीत दुखतंय, घाम सुटलाय, शुद्धीवर आहे." वय, छाती, घाम, शुद्ध. मग पत्ता. आधी पत्ता सांगत बसलात आणि फोन कट झाला तर समोरच्याला कळत नाही की कुठली गाडी पाठवायची.

पत्त्याचं नाशिकमध्ये जरा अवघड आहे. सिडकोत गल्ल्या सगळ्या सारख्याच दिसतात, जुन्या नाशकात वाड्याच्या बोळात गाडीच शिरत नाही, आणि गंगापूर रोडच्या पुढे नवीन सोसायट्यांची नावं एकाची दुसऱ्याला कळत नाहीत. म्हणून मोठी खूण सांगा, त्रिमूर्ती चौक, पवननगर, लेखानगर असं, मग तिथून आत किती. एक जण खाली मेन रोडवर उभा करा, रात्र असेल तर मोबाईलचा टॉर्च लावून. गेट उघडं, लिफ्ट अडवून ठेवलेली, जिन्यातल्या सायकली आणि चपलांचा रॅक बाजूला. मळ्यात, द्राक्षबागेत असाल तर व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवायची तयारी ठेवा आणि एक मोटरसायकलवाला डांबरी रस्त्यापर्यंत पाठवा.

फोन ठेवण्याआधी विचारा गाडी कुठून निघतेय, किती वेळ लागेल. पुढचा निर्णय त्याच्यावर आहे. दहा-पंधरा मिनिटं म्हणाले तर थांबा, गाडी चांगली. तास लागेल म्हणाले तर आपली किंवा शेजाऱ्याची चारचाकी काढा, पण मग तीन जण लागतात, पेशंट, चालवणारा आणि मागे पेशंटजवळ बसणारा. पेशंटने स्वतः गाडी चालवायची नाही हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. ॲक्टिवावर मधे बसवून नेणं तर अजिबात नको, रस्त्यात शुद्ध गेली तर तिघंही पडाल.

लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधून उतरवायचं असेल तर स्ट्रेचर बहुतेक वेळा जिन्याच्या वळणावर वळतच नाही. घरातली दणकट लाकडी किंवा लोखंडी खुर्ची घ्या, प्लॅस्टिकची नको, तिचे पाय वाकतात. पेशंटला बसवा, ओढणीने किंवा चादरीने कमरेला बांधा, हात मांडीवर घ्यायला सांगा नाहीतर ते कठडा धरतात आणि सगळा तोल जातो. एक जण मागून पाठ धरतो, एक पुढून पाय, आणि पेशंटचं तोंड उतरायच्या दिशेला. तिसरा माणूस पुढे चालत पायऱ्या सांगतो. घाई नको, दर मजल्याला खुर्ची टेका.

तिसरं काम: ॲस्पिरिन

गाडी येईपर्यंत घरी देता येण्यासारखं आणि खरंच जीव वाचवणारं औषध हे एकच आहे, आणि ते काही रुपयांचं आहे. १९८८ साली १७ हजारांवर रुग्णांवर झालेल्या अभ्यासात अटॅक आलेल्यांना लगेच ॲस्पिरिन दिलं तर पाच आठवड्यांतले हृदयविकाराचे मृत्यू जवळपास २३ टक्के कमी झाले. गुठळी वाढायला लागतात त्या रक्तातल्या प्लेटलेट्सना ते चिकटू देत नाही.

डोस साधारण ३०० मिलिग्रॅम, आणि चावून. गिळून नाही. घरात शुगर-बीपीवाल्यांची इकोस्प्रिन ७५ असते, त्याच्या चार गोळ्या, १५० असेल तर दोन. त्या गोळीवर पोटात उशिरा विरघळणारं कोटिंग असतं म्हणून नीट चावायची, कडू लागली तरी. साधी डिस्प्रिन असेल तर एक, पाण्यात विरघळवून किंवा चावून. नावं नीट वाचा, इकोस्प्रिन एव्ही, इकोस्प्रिन गोल्ड या मिश्र गोळ्या आहेत, त्या मोजून मोजून चार द्यायच्या नाहीत. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन म्हणजे ॲस्पिरिन नाही, आणि ब्रुफेन-डायक्लो जातीच्या दुखण्याच्या गोळ्या तर अशा वेळी देऊच नका.

देण्याआधी चार प्रश्न. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा ती घेतल्यावर दमा उठतो का. अल्सर, रक्ताची उलटी, काळी शी असं अलीकडे झालंय का. मेंदूत रक्तस्राव किंवा नुकताच पॅरालिसिस. रक्त पातळ करायची वॉरफेरिनसारखी गोळी चालू आहे का. यातलं एकाला जरी हो असेल तर द्यायची नाही, १०८ च्या किंवा आपल्या डॉक्टरांना फोनवर विचारा. पाठीत अचानक फाडल्यासारखी भयंकर कळ आली असेल तरी थांबा, ती महाधमनी (हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी) चिरल्याची असू शकते आणि तिथे ॲस्पिरिन उलटं पडतं. शुद्ध नीट नसेल, उलट्या चालू असतील तर तोंडातून काहीच नाही. आणि दिली की कागदावर वेळ लिहा, नाहीतर गाडीत एक आणि कॅज्युअल्टीत एक असे डोसवर डोस होतात.

सॉर्बिट्रेटबद्दल थोडं जास्त बोलते

कारण ही गोळी आपल्याकडे खिशात, देव्हाऱ्यात, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये, सगळीकडे असते आणि छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची एवढंच लोकांना माहिती असतं. ज्यांना डॉक्टरांनी लिहून दिलीय त्यांनी डॉक्टरांनी सांगितलं तशी, बसून घ्यावी. शेजाऱ्याची उचलून कोणालाही द्यायची नाही. ती रक्तवाहिन्या सैल करते, बीपी खाली आणते. बीपी आधीच ९०-१०० च्या खाली असेल तर माणूस तिथेच मान टाकतो. एक प्रकारचा अटॅक हृदयाच्या खालच्या आणि उजव्या बाजूचा असतो, त्यात पण बीपी धाडकन पडतं, आणि तो आहे का नाही हे ईसीजीशिवाय कळत नाही.

आणि ज्याने २४ तासांत वायग्रा जातीची गोळी घेतलीय, किंवा ४८ तासांत टॅडालाफिल, त्याला सॉर्बिट्रेट म्हणजे जिवाशी खेळ. हे विचारायला अवघड जातं. सुनेसमोर, मुलीसमोर कोणताही पुरुष खरं सांगत नाही. सगळ्यांना पाणी आणायला, फाईल शोधायला बाहेर पाठवा आणि कानाशी जाऊन सरळ विचारा. ॲम्ब्युलन्सवरच्या नवीन पोरांनो, हा प्रश्न दरवाजा लावल्यावर गाडीत विचारा, उत्तर वेगळं येतं.

गाडी आल्यावर

तुम्ही तेव्हा घाबरलेले असणार, त्यामुळे काय चाललंय ते माहिती असलेलं बरं. पहिल्या १० मिनिटांत ईसीजी निघायला हवा हा जगभरचा नियम आहे. जिथे आधी ईसीजीचं यंत्र पोचेल तिथे तो काढायचा, गाडीत किंवा दवाखान्यात. शर्ट काढावा लागतो, केस जास्त असतील तर दोन-चार जागी रेझर फिरवतात, बायकांसाठी चादर घेऊन एका बाईने जवळ थांबा म्हणजे संकोचात वेळ जात नाही. पेशंटने हलायचं-बोलायचं नाही, गाडी पण त्या वेळी थांबलेली बरी. कागदाचा फोटो पुढच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना पाठवला की तिकडची टीम तयार राहते, यात दारातला बराच वेळ वाचतो. पाठवला का, हे तुम्ही विचारू शकता, राग येत नाही कोणाला.

पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून "चला घरी" असं होत नाही. सुरुवातीला तो नॉर्मल येऊ शकतो, म्हणून पंधरा-तीस मिनिटांनी परत काढतात. रक्तातली ट्रोपोनिन टेस्ट (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते बघणारी) पण पहिल्या एक-दोन तासांत निगेटिव्ह येऊ शकते.

ऑक्सिजन लावा म्हणून नातेवाईक फार मागे लागतात. ऑक्सिजन ९० च्या वर असेल तर लावून फायदा नाही. स्वीडनमध्ये २०१७ ला ६,६०० च्या वर रुग्णांवर तपासून झालंय. त्यामुळे मास्क नाही लावला म्हणजे दुर्लक्ष केलं असं समजू नका.

तुमच्याकडून डॉक्टरांना हवं ते एवढंच: त्रास नेमका किती वाजता सुरू झाला (सकाळपासून नाही, वाजले किती), काय गोळ्या दिल्या, रोजच्या गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी, जुना ईसीजी असेल तर तो, ॲलर्जी. जुना ईसीजी फार कामाचा असतो, नवीन बदल कुठला ते त्याच्यावरून कळतं. म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या ईसीजीचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, तो कागद काही वर्षांत पुसट होतो.

मधेच कोसळला तर

हे सगळ्यात भीतीचं आणि इथे हात चालवायचेच आहेत. माणूस पडला, खांदे हलवून मोठ्याने हाक मारली, उत्तर नाही, दहा सेकंद छाती बघितली, हलत नाही, किंवा माशासारखं तोंड उघडून अधूनमधून आचका देतोय. तो आचका म्हणजे श्वास नाही. कितीतरी लोक तिथेच थांबतात, "श्वास चालू आहे की" म्हणून. हृदय बंद पडलंय असं समजा.

१०८ ला परत फोन लावून स्पीकरवर ठेवा. गादीवर असेल तर ओढून फरशीवर घ्या, गादीवर सगळा जोर गादीतच जातो. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटाजवळचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ, खांदे बरोबर वर. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. शिकलेले नसाल तर तोंडाने श्वास द्यायच्या भानगडीत पडू नका, नुसतं दाबत राहा. बरगडी कट्कन मोडल्याचा आवाज येईल, थांबू नका. दोन मिनिटांत तुमचा दम जातो आणि दाब उथळ होतो, तुम्हाला कळत पण नाही, म्हणून दोन मिनिटांनी दुसऱ्याने घ्यायचं. दाब आणि शॉक यातलं काहीच मिळालं नाही तर वाचायची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. मॉलमध्ये, कंपनीत एईडी (शॉक द्यायचं छोटं मशीन) असेल तर कोणालातरी पळवा, चालू केलं की ते स्वतःच काय करायचं ते बोलून सांगतं.

तोंडावर पाणी मारणं, कांदा-चप्पल हुंगवणं, दात उघडायला चमचा, हे काही नाही. आणि तो जोरजोरात खोकत राहा म्हणजे अटॅक टळतो असा मेसेज फिरतो, तो खोटा आहे, त्याच्या नादात फोन करायचा राहतो.

कुठल्या दवाखान्यात

हे आज ठरवून ठेवा, रात्री दोनला नाही. तुमच्या घरापासून चोवीस तास अँजिओप्लास्टी होते असे दोन दवाखाने शोधा आणि प्रत्यक्ष फोन करून विचारा: कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) रात्री चालू असते का, डॉक्टर तिथेच असतात का बोलवावे लागतात. नुसती "कार्डियाक" पाटी बघून जाऊ नका. सरकारीमध्ये त्र्यंबक रोडला सिव्हिल आहे, शालिमारजवळ संदर्भ सेवा रुग्णालयात हृदयाचा विभाग आहे, आणि सरकारी नाही पण आडगावला संस्थेचं वसंतराव पवार मेडिकल कॉलेज आहे, तिथेही आधीच चौकशी करून ठेवा. नाशिकरोड-देवळालीकडून आणि पंचवटीकडून कुठलं जवळ पडतं ते वेगवेगळं आहे, संध्याकाळी द्वारका सर्कल मधे येत असेल तर नकाशावरचं जवळचं खरं जवळचं नसतं. २०२७ च्या सिंहस्थात तर पर्वणीच्या दिवसांत रामकुंड परिसरातले रस्ते बंद असतील, पंचवटीवाल्यांनी तेव्हाचा रस्ता आधीच बघून ठेवा.

आणि वाटेत ईसीजी काढायला लॅबमध्ये, मग तो दाखवायला फॅमिली डॉक्टरकडे, असं थांबत थांबत जाऊ नका. एकच थांबा.

पण पेठ, सुरगाणा, हरसूल, कळवणकडच्यांना हा नियम उलटा आहे. तिथून नाशिकच्या कॅथलॅबपर्यंत घाटरस्त्याने दोन तास जात असतील तर आधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ईसीजी काढा आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळतं का बघा. डॉक्टरांचा हिशोब असा असतो की १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर इंजेक्शन आधी, मग नाशिक. थेट नाशिकचाच हट्ट धरून सुरगाण्याहून निघालेल्या गाडीत स्नायू मरत असतो. मालेगाव, मनमाड, निफाडवाल्यांनी पण आपल्या सरकारी रुग्णालयात इंजेक्शनचं विचारून ठेवा.

कंपन्यांमधल्यांना एक वेगळं सांगायचंय. नाईटला हेल्परच्या छातीत दुखलं तर तो सांगत नाही, शिफ्ट भरणार नाही, पैसे कापतील, ठेकेदार उद्या बोलवणार नाही या भीतीने कोपऱ्यात बसून राहतो. सुपरवायझरने शिफ्टच्या सुरुवातीलाच सांगितलं की छातीत दुखलं तर सांगा, हजेरी भरलेली राहील, तर लोक बोलतात. आणि गेटवर सिक्युरिटीला लेखी सूचना पाहिजे की पेशंटच्या गाडीला गेटपास, रजिस्टर काही नाही, आधी बाहेर काढायची.

पैशाचं शेवटी, कारण त्याच्यासाठी लोक थांबतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं (योजनेच्या कागदपत्रांत मदत करणाऱ्याचं) टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार लागतं. पण कागद घरी राहिले तर पेशंटला घेऊन परत फिरायचं नाही, ॲडमिट करा, मग एकाला मोटरसायकलवर घरी पाठवा. कुठला दवाखाना योजनेत आहे ते १५५३८८ वर विचारता येतं. तो नंबर, १०८, ठरवलेल्या दोन दवाखान्यांचे नंबर, घरातल्यांच्या गोळ्या आणि ॲलर्जी, एवढं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवा, शेजारीच इकोस्प्रिनची एक स्ट्रिप पाकिटात, आणि दिवाळीच्या साफसफाईला तिची एक्सपायरी बघायची.